कमांड यशस्वी, पीडीएफ कोरी: टर्मिनलवरून वेबपान साठवताना वारंवार येणारी अडचण

एका वेबपानावर रोज संध्याकाळी नवा तक्ता येत असे आणि त्याची प्रत पीडीएफ स्वरूपात जपून ठेवणे मला आवश्यक होते. ब्राउझर उघडून छपाईच्या खिडकीतून 'पीडीएफ म्हणून जतन करा' हा पर्याय रोज निवडण्याचा कंटाळा आला, म्हणून मी एका ओळीची कमांड लिहिली, ती रात्री आपोआप चालेल अशी व्यवस्था केली आणि तिच्याकडे पुन्हा पाहिले नाही. तीन आठवड्यांनंतर एक जुनी प्रत लागली, तेव्हा फाइल उघडली. वर संकेतस्थळाचे नाव होते, खाली तळपट्टी होती आणि मध्ये, जिथे तक्ता असायला हवा होता तिथे, 'माहिती लोड होत आहे' असे सांगणारे वर्तुळ फिरता फिरता गोठले होते. आधीच्या आणि नंतरच्या फायली उघडून पाहिल्या. सुरुवातीच्या चार सोडल्या, तर सर्वांची हीच गत होती. लॉगमध्ये मात्र चुकीची एकही नोंद नव्हती, कारण प्रत्येक रात्री कमांड शून्य हा निर्गमन संकेत देऊन, म्हणजे 'सर्व काही ठीक' असे सांगून, संपली होती.

या अडचणीचा त्रास असा की ती एकदा सुटून कायमची जात नाही. कधी पीडीएफ कोरी येते, कधी पहिले पृष्ठ छापून थांबते, कधी अक्षरांऐवजी चौकटी येतात, कधी अहवालाऐवजी लॉगिनचा अर्ज छापला जातो. लक्षणे निरनिराळी असली तरी मूळ एकच आहे: पीडीएफ तयार करणाऱ्या साधनाच्या लेखी यश म्हणजे फाइल लिहिली जाणे. त्या फाइलमध्ये आपल्याला हवे ते आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते आणि त्याने ते ठरवावे अशी अपेक्षाही रास्त नाही. वेबपान आधी सर्व्हरवरून आणले जाते, मग त्यातील स्क्रिप्ट चालून ते पडद्यावर मांडले जाते आणि शेवटी कागदाच्या मापात कापून छापले जाते. बिघाड या तीनपैकी कोणत्या टप्प्यावर झाला, हे कळल्याशिवाय पर्यायांशी झटापट करण्यात अर्थ नाही. मी स्वतः त्या झटापटीत एक अख्खी दुपार घालवली, म्हणून हे ठामपणे सांगतो.

एक सूचना आधीच देतो. खाली कमांडची आणि पर्यायांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची आहेत. ज्या पर्यायांच्या नावात आडव्या रेघा दिसतात त्या तशाच ठेवायच्या आहेत आणि प्रत्येक लांब पर्यायाच्या सुरुवातीला दोन आडव्या रेघा द्यायच्या आहेत.

आधी फाइल तपासा, मग कमांड

बहुतेक जण पीडीएफ डोळ्यांनी पाहतात आणि लगेच कमांड बदलायला घेतात. त्याआधी पॉपलर या संचातील तीन लहान साधने वापरावीत. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ती सहज बसवता येतात. 'पीडीएफइन्फो' पृष्ठांची संख्या आणि कागदाचे माप सांगते, 'पीडीएफटूटेक्स्ट' फाइलमधील मजकूर बाहेर काढते आणि 'पीडीएफफॉन्ट्स' कोणते फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत आहेत ते दाखवते. मजकूर काढल्यावर तो पूर्ण मिळाला, पण डोळ्यांना पृष्ठ कोरे दिसत असेल, तर दोष रंगांचा किंवा छपाईच्या नियमांचा आहे. पांढरी अक्षरे गडद पार्श्वभूमीवर होती आणि पार्श्वभूमी छापली गेली नाही, हे त्याचे नेहमीचे कारण असते. मजकूरच मिळाला नाही, तर वेबपान आणण्यात किंवा मांडण्यात दोष आहे.

हे दोन्ही वेगळे करण्याची माझी आवडती रीत सोपी आहे. वेबपानावर हमखास असणारा एखादा शब्द किंवा आकडा निवडावा. 'कर्ल' या साधनाने ते पान जसेच्या तसे उतरवून त्यात तो शब्द 'ग्रेप'ने शोधावा. नंतर क्रोम किंवा क्रोमियम हेडलेस स्वरूपात, म्हणजे खिडकी न उघडता, 'डम्प-डॉम' या पर्यायासह चालवून मिळालेल्या मजकुरात तोच शब्द शोधावा. हा पर्याय स्क्रिप्ट चालून झाल्यानंतरचे पान मजकूर म्हणून दाखवतो. शब्द दोन्हीकडे सापडला, तर सामग्री सर्व्हरकडूनच येत आहे आणि दोष छपाईत आहे. तो फक्त दुसऱ्या मजकुरात सापडला, तर सामग्री जावास्क्रिप्टने नंतर भरली जाते. कोठेच सापडला नाही, तर लॉगिन, आतील चौकटीत वेगळ्या पत्त्यावरून येणारे पान किंवा अपुरा वेळ यांपैकी काहीतरी आहे. माझ्या तक्त्याच्या बाबतीत पहिले चार दिवस आकडे सर्व्हरकडून पानासोबतच येत होते. पाचव्या दिवशी संकेतस्थळाच्या निर्मात्यांनी ते नंतर मागवण्याची पद्धत स्वीकारली आणि माझी कमांड तक्ता येण्याआधीच छपाई उरकून मोकळी होऊ लागली.

पत्ता अवतरणचिन्हांत ठेवा

हे कारण क्षुल्लक वाटते, पण ते वारंवार भेटते. वेबपत्त्यात प्रश्नचिन्हानंतर अनेक घटक असतील, तर ते 'अँड' या चिन्हाने जोडलेले असतात आणि शेलच्या, म्हणजे टर्मिनलमधील कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या, भाषेत त्या चिन्हाचा अर्थ 'इथपर्यंतची कमांड पार्श्वभूमीत चालू कर' असा होतो. परिणामी पत्ता पहिल्या घटकाजवळ तुटतो. उरलेला भाग 'भाषा बरोबर मराठी' अशा घडणीचा असल्यामुळे शेल त्याला चलाची किंमत ठरवणारे विधान समजते आणि चूकही दाखवत नाही. क्रोमच्या कमांडमध्ये पत्ता बहुधा शेवटी लिहिला जातो, त्यामुळे हा अपघात पूर्णपणे मुका राहतो: पीडीएफ तयार होते, पण चुकीच्या भाषेतील किंवा चुकीच्या महिन्याच्या अहवालाची. ज्या साधनांत पत्त्यानंतर फाइलचे नाव लिहावे लागते, तिथे निदान 'अशी कमांड सापडली नाही' एवढी तक्रार तरी ऐकू येते. झेड शेलमध्ये, जे २०१९ पासून मॅकचे मूळ शेल आहे, प्रश्नचिन्हसुद्धा फाइलनावांचा नमुना समजले जाते आणि 'जुळणी सापडली नाही' असा संदेश येतो. सर्वांवर उपाय एकच: पत्ता एकेरी अवतरणचिन्हांत लिहावा. विंडोजच्या साध्या कमांड खिडकीत मात्र दुहेरी अवतरणचिन्हे वापरावीत.

मराठी पत्ते असणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत ३ बाइट घेते आणि वेबपत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अंक अशा तीन अक्षरांनी लिहिला जातो; म्हणजे 'मराठी' हा ५ चिन्हांचा शब्द पत्त्यात ४५ अक्षरांचा होतो आणि त्यात टक्क्याची १५ चिन्हे असतात. ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या क्रॉनच्या तक्त्यात टक्क्याचे चिन्ह म्हणजे ओळ संपल्याची खूण असते, आणि विंडोजच्या बॅच फाइलमध्ये ते चलाची सुरुवात दर्शवते. त्यामुळे टर्मिनलमध्ये बिनचूक चालणारी कमांड क्रॉनमध्ये टाकताच पहिल्या टक्क्यापाशी तुटते, आणि इथे अवतरणचिन्हांचाही उपयोग होत नाही. क्रॉनमध्ये प्रत्येक टक्क्यापूर्वी उलटी तिरकी रेघ द्यावी, बॅच फाइलमध्ये टक्का दोनदा लिहावा. आणि याहून चांगले म्हणजे कमांड वेगळ्या शेल स्क्रिप्टमध्ये ठेवून क्रॉनला फक्त त्या स्क्रिप्टचे नाव द्यावे. मी शेवटचाच मार्ग धरतो, कारण टक्के मोजत बसणे माणसाचे काम नव्हे.

वेळेआधी होणारी छपाई

कोऱ्या किंवा अर्धवट पीडीएफमागील सर्वांत मोठे कारण हेच आहे, म्हणून याचा विस्तार थोडा अधिक करतो. पूर्वीच्या वेबपानांबाबत 'पान लोड झाले' या शब्दांना निश्चित अर्थ होता: मजकूर, चित्रे आणि शैलीपत्रके आली की पान पूर्ण झाले. आजचे पान आधी रिकामा सांगाडा पाठवते, ब्राउझर 'लोड झाले' अशी घोषणा करतो आणि त्यानंतर स्क्रिप्ट माहिती मागवू लागते. छपाईची कमांड त्या घोषणेवर विसंबून राहिली, तर सांगाडाच छापला जाणार. ब्राउझरमध्ये हाताने छापताना हा दोष कधी दिसत नाही, याचे कारण एवढेच की माणूस तक्ता दिसेपर्यंत थांबतो आणि मगच छपाईची कळ दाबतो.

जुन्या 'डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ' या साधनात (टर्मिनलमध्ये हे नाव रेघांशिवाय, सलग लिहायचे) 'जावास्क्रिप्ट-डिले' हा पर्याय आहे आणि त्याचे मूळ मूल्य २०० मिलिसेकंद आहे. एवढ्या वेळात दूरच्या सर्व्हरकडून उत्तर येण्याची शाश्वती नसते. तो ५००० केला की पुष्कळ पाने सुधारतात. मात्र हा उपाय अंदाजाचा आहे: सर्व्हर मंद असेल त्या रात्री ५ सेकंदही कमी पडतात आणि इतर रात्री ते वाया जातात. त्याच साधनातील 'विंडो-स्टेटस' हा पर्याय अधिक शहाणा आहे. पानातील स्क्रिप्टने काम संपल्यावर ठरावीक शब्द खिडकीच्या स्थितीदर्शकात लिहिला, की छपाई सुरू होते. अर्थात पान आपल्या ताब्यात असेल तरच हे शक्य आहे.

क्रोममध्ये हेडलेस चालवण्याची सोय २०१७ मधील ५९ व्या आवृत्तीपासून आहे. 'हेडलेस' आणि 'प्रिंट-टू-पीडीएफ' हे दोन पर्याय, दुसऱ्यापुढे बरोबरचे चिन्ह देऊन फाइलचा पूर्ण मार्ग, आणि शेवटी पत्ता एवढे दिले की पीडीएफ मिळते. यात थांबण्यासाठी दोन पर्याय आहेत आणि त्यांच्यात गल्लत होते. 'टाइमआउट' हा कमाल मर्यादा घालतो: पान लोड होत राहिलेच, तर इतक्या मिलिसेकंदांनी आहे ते छापून मोकळे व्हावे, असे तो सांगतो. पान लवकर लोड झाले, तर तो अधिक थांबत नाही. म्हणून कोऱ्या पीडीएफवर त्याचा उपयोग होत नाही, आणि नेमका तोच पर्याय वाढवत बसण्याची चूक मी केली होती. 'व्हर्च्युअल-टाइम-बजेट' हा दुसरा पर्याय वेगळ्या रीतीने काम करतो. तो पानाला खोटे घड्याळ देतो. १०००० असे मूल्य दिले की स्क्रिप्टच्या दृष्टीने १० सेकंद उलटतात, परंतु टायमर भराभर पुढे सरकवले जात असल्यामुळे प्रत्यक्षात बराच कमी वेळ लागू शकतो. माझा तक्ता या एका पर्यायाने परत आला. तरीही पान फार गुंतागुंतीचे असेल, तर कृत्रिम घड्याळावर फार भरवसा ठेवू नये, असे माझे मत झाले आहे.

खात्रीचा मार्ग म्हणजे वेळेची वाट न पाहता वस्तूची वाट पाहणे. ब्राउझर प्रोग्रॅमद्वारे चालवणाऱ्या 'प्लेराइट' या संचात थेट टर्मिनलवरून वापरता येणारी 'पीडीएफ' ही उपकमांड आहे आणि तिला 'वेट-फॉर-सिलेक्टर' हा पर्याय देता येतो. तक्त्याच्या पहिल्या ओळीचा सीएसएस निवडक, म्हणजे पानातील तो घटक ओळखण्याची खूण, तिथे दिला, की ती ओळ पानावर अवतरेपर्यंत छपाई थांबते. 'टाइमआउट' या पर्यायाने मुदत घातली असेल आणि ती ओळ आलीच नाही, तर कमांड चूक दाखवून संपते, आणि आपल्याला हवे होते ते हेच: कोरी पीडीएफ मिळण्यापेक्षा पीडीएफ न मिळणे कितीतरी बरे. निवडक ठरवताना तक्त्याची रिकामी चौकट निवडू नये, कारण ती सांगाड्यातही असते; आकडे भरल्यावरच जन्माला येणारा घटक निवडावा. प्लेराइटची पीडीएफ सोय फक्त क्रोमियमसह चालते, हेही लक्षात असावे.

'पपेटिअर' हा तसाच दुसरा संच वापरणारे बहुधा 'नेटवर्कआयडल०' या अटीवर थांबतात. या अटीचा अर्थ, किमान ५०० मिलिसेकंद नेटवर्कवर एकही जोडणी चालू नसणे. ज्या पानावर एखादी स्क्रिप्ट सर्व्हरला सतत काहीतरी विचारत असते, तिथे ती शांतता कधीच येत नाही आणि ३० सेकंदांची मूळ मर्यादा ओलांडून काम मोडते. उलट दोन मागण्यांच्या मध्ये अर्ध्या सेकंदाची उसंत मिळाली, तर अट वेळेआधीच पूर्ण होते. दोन्ही बाजूंनी फसवणारी अट वापरण्यापेक्षा इथेही विशिष्ट घटकाची वाट पाहणे इष्ट.

चित्रे दिसेनाशी होण्याचा प्रकार याच कुळातील आहे. अनेक पाने चित्र पडद्याजवळ आल्यावरच ते मागवतात. हेडलेस ब्राउझर खाली सरकत नाही, त्यामुळे खालची चित्रे मागवलीच जात नाहीत. छोट्या स्क्रिप्टने पान टप्प्याटप्प्याने तळापर्यंत सरकवून पुन्हा वर आणावे आणि मग छापावे. जी पाने सरकवत राहिले की संपतच नाहीत, त्यांना मात्र किती वेळा सरकवायचे याची मर्यादा आपणच घालावी लागते.

जुन्या इंजिनाचा मोह

शोध घेतला की आजही डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफची शिफारस वारंवार सापडते, कारण ते लहान आहे, वेगवान आहे आणि वर्षानुवर्षे त्याने उत्तम सेवा दिली आहे. परंतु त्याची ०.१२.६ ही आवृत्ती जून २०२० मध्ये आली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याचे मूळ भांडार केवळ वाचनासाठी म्हणून बंद करण्यात आले. त्याचा पाया असलेले क्यूट ४.८ हे सॉफ्टवेअर डिसेंबर २०११ मधील आहे, तर जावास्क्रिप्टची आधुनिक वाक्यरचना २०१५ मध्ये प्रमाणित झाली आणि सीएसएस ग्रिड ही मांडणी ब्राउझरांत २०१७ मध्ये पोहोचली. त्यामुळे नव्या पानातील स्क्रिप्टची पहिलीच अपरिचित रचना समोर आली, की ती अख्खी फाइल नाकारली जाते आणि पान कोरे राहते. अशा पानासाठी 'जावास्क्रिप्ट-डिले' एक मिनिट केला तरी फरक पडणार नाही. मेलेल्या स्क्रिप्टची वाट पाहून काय होणार?

आपलाच साधा एचटीएमएल मजकूर छापायचा असेल, तर हे साधन अजूनही चालते, पण त्यातही दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की वितरणांच्या भांडारांतून मिळणारी प्रत अनेकदा सुधारित क्यूटशिवाय बांधलेली असते. तिला पृष्ठशीर्ष, तळटीप आणि अनुक्रमणिका जमत नाहीत आणि पडदा नसलेल्या सर्व्हरवर 'डिस्प्ले सापडला नाही' अशी तक्रार करून ती थांबते. 'एक्सव्हीएफबी-रन'च्या आधाराने तिला खोटा पडदा देता येतो. दुसरा असा की ०.१२.६ पासून स्थानिक फायली वाचण्यास मुळातच बंदी आहे, त्यामुळे स्वतःच्या संगणकावरील चित्रे व शैलीपत्रके गायब होतात. 'एनेबल-लोकल-फाइल-ॲक्सेस' दिल्यावर ती येतात. परक्या एचटीएमएलसाठी मात्र हा पर्याय देऊ नये, कारण त्यातून संगणकावरील खासगी फायली पीडीएफमध्ये ओढल्या जाऊ शकतात.

जावास्क्रिप्टची गरजच नसेल, तर 'वीझीप्रिंट' हे पायथनमधील साधन पाहण्यासारखे आहे. ते स्क्रिप्ट चालवतच नाही. पण पृष्ठक्रमांक, समास, पृष्ठशीर्ष अशा छापील पुस्तकाच्या गोष्टी सीएसएसमधून नीट सांभाळते.

एकच पृष्ठ छापले जाणे आणि इतर छपाईदोष

मजकूर पूर्ण आला आहे, तरी पीडीएफमध्ये पहिलेच पृष्ठ आहे आणि बाकीचा भाग कापला गेला आहे, ही तक्रार वेब अनुप्रयोगांबाबत नेहमीची आहे. अशा पानांत बाहेरच्या चौकटीची उंची पडद्याइतकी ठरवलेली असते आणि मजकूर आतल्या चौकटीत सरकतो. कागदावर सरकणे अशक्य असल्याने जे दिसते तेवढेच छापले जाते. यावर उपाय म्हणजे छपाईपूर्वी पानाला स्वतःचे चार ओळींचे शैलीपत्रक जोडणे: मूळ घटक (एचटीएमएल), देह (बॉडी) आणि ती सरकणारी चौकट यांची उंची 'ऑटो' करावी, कमाल उंची काढून टाकावी आणि 'ओव्हरफ्लो'चे मूल्य 'व्हिजिबल' करावे. वीझीप्रिंटला आणि डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफला असे शैलीपत्रक पर्याय म्हणून देता येते. क्रोमच्या थेट कमांडमध्ये ती सोय नाही, म्हणून तिथे पपेटिअर किंवा प्लेराइटची दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहावी लागते. त्याच शैलीपत्रकात कुकीसंमतीची पट्टी आणि पडद्याला चिकटलेला मथळा लपवून टाकावा, नाहीतर तो मथळा प्रत्येक पृष्ठावर येऊन मजकुराच्या दोन-तीन ओळी झाकतो.

पडद्यावरचे आणि पीडीएफमधले रूप पूर्णपणे वेगळे दिसत असेल, तर तो बिघाड नसून पानाच्या लेखकाची इच्छा असते: छपाईसाठी वेगळे नियम लिहिलेले असतात आणि ब्राउझर ते पाळतो. पडद्याचेच रूप हवे असल्यास पपेटिअर व प्लेराइटच्या स्क्रिप्टमध्ये माध्यम 'स्क्रीन' असे सांगता येते. पार्श्वभूमीचे रंगही या दोन्ही साधनांत मुळात बंद असतात, ते स्क्रिप्टमध्ये 'प्रिंटबॅकग्राउंड' (सलग, 'बी' मोठे) खरे करून चालू करावेत. कागद मुळात अमेरिकी 'लेटर' मापाचा असतो, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच. ए-४ हवा असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. पृष्ठाच्या कडेला तारीख आणि पत्ता छापला जात असेल, तर क्रोमला 'नो-पीडीएफ-हेडर-फूटर' हा पर्याय द्यावा. याचे जुने नाव वेगळे होते, आणि क्रोम अनोळखी पर्याय मुकाट्याने दुर्लक्षित करतो. जुन्या लेखांतील कमांड उतरवल्यावर ती 'चालते पण परिणाम करत नाही', त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

देवनागरी बिघडते तेव्हा

इथे तीन वेगवेगळे दोष एकाच नावाने सांगितले जातात. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी येत असतील, तर त्या संगणकावर देवनागरी फॉन्टच नाही. सर्व्हरच्या आणि प्रोग्रॅम बंदिस्तपणे चालवणाऱ्या कंटेनरच्या लहान प्रतिमांमध्ये फॉन्ट जवळजवळ नसतातच, म्हणून घरच्या संगणकावर सुरेख येणारी पीडीएफ तिथे चौकटींनी भरते. 'एफसी-लिस्ट' या कमांडला विसर्गासारखा अपूर्णविराम देऊन 'लँग बरोबर एमआर' असे विचारले, की मराठीस पुरेसे फॉन्ट दिसतात. यादी रिकामी असल्यास नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी बसवून 'एफसी-कॅश' चालवावे.

अक्षरे येतात, पण जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्याच जागी बसतो किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर उमटते, तेव्हा दोष फॉन्टचा नसून अक्षरजुळणी करणाऱ्या इंजिनाचा असतो. क्रोमियम आणि वीझीप्रिंट दोघेही यासाठी हार्फबझ या अक्षरजुळणीच्या इंजिनाचा आधार घेतात आणि मराठी मजकुरासाठी मी त्यांच्याबाहेर जात नाही.

तिसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. पीडीएफमध्ये प्रत्यक्षात अक्षरे नव्हे, तर फॉन्टमधील आकृत्या साठवल्या जातात आणि त्या आकृतींवरून मूळ युनिकोड शोधण्यासाठी वेगळी सारणी लागते. जोडाक्षरांची आकृती एक आणि मूळ चिन्हे तीन, शिवाय वेलांटीचा दृश्य क्रम निराळा, त्यामुळे मजकूर उतरवून घेतला की तो विस्कळीत येऊ शकतो. 'पीडीएफफॉन्ट्स'च्या उत्तरात 'युनि' या स्तंभात 'नो' दिसले, तर शोध आणि नक्कल या दोन्हींची आशा सोडावी. तो 'येस' असला तरी मराठी शब्द शोधताना निराशा पदरी पडू शकते. म्हणून पीडीएफसोबत मी मूळ एचटीएमएलची प्रतही ठेवतो; जागा फारशी लागत नाही आणि पुढे शोधायची वेळ आली की तीच कामी येते.

हाताने चालते, रात्री चालत नाही

क्रॉनचे पर्यावरण अत्यंत दरिद्री असते: शोधमार्गात दोन-चारच फोल्डर असतात, पडदा नसतो आणि कामाचे फोल्डर आपण समजतो ते नसते. म्हणून प्रोग्रॅमचा आणि फाइलचा मार्ग नेहमी मुळापासून लिहावा. क्रोमला फाइलचे नाव दिले नाही, तर तो चालू फोल्डरमध्ये 'आउटपुट' नावाची पीडीएफ लिहितो, आणि दुसऱ्या रात्री तिच्यावरच पुन्हा लिहितो.

मूळ वापरकर्ता (रूट) म्हणून क्रोम चालवल्यास तो सँडबॉक्ससह, म्हणजे पानाला संगणकापासून अलग ठेवणाऱ्या कुंपणासह, चालण्यास नकार देतो. 'नो-सँडबॉक्स' देऊन गप्प बसवण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो; पण अनोळखी पाने उघडणाऱ्या प्रोग्रॅमचे संरक्षण काढून घेण्यापेक्षा त्या कामासाठी साधा वापरकर्ता तयार करणे बरे. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरमध्ये मोठी पाने मध्येच कोसळत असतील, तर सामायिक स्मृती पाहावी. ती मुळात ६४ मेगाबाइट असते. स्नॅप या पॅकेज स्वरूपातील क्रोमियमला स्वतःचे वेगळे तात्पुरते फोल्डर असते, त्यामुळे 'फाइल लिहिली' असा संदेश येऊनही ती सार्वजनिक तात्पुरत्या फोल्डरमध्ये सापडत नाही. ती घरच्या फोल्डरमधील न लपवलेल्या जागी लिहावी. आणि ब्राउझर आधीपासून उघडा असेल, तर हेडलेस कमांडला 'यूजर-डेटा-डिर' या पर्यायाने स्वतंत्र प्रोफाइल द्यावे, अन्यथा ती चालू ब्राउझरकडे काम सोपवून पीडीएफ न लिहिता परत येऊ शकते.

लॉगिनमागची पाने

टर्मिनलवरून उघडलेल्या ब्राउझरला तुमचे लॉगिन माहीत नसते, म्हणून अहवालाऐवजी अर्ज छापला जातो. कुकी कमांडमध्येच लिहिण्याचा मार्ग सोपा असला तरी त्याच संगणकावरील इतर वापरकर्त्यांना ती चालू प्रक्रियांच्या यादीत दिसू शकते. प्लेराइटमध्ये 'ओपन' या उपकमांडला 'सेव्ह-स्टोरेज' देऊन एकदा हाताने लॉगिन करावे आणि तयार झालेली फाइल पीडीएफ करताना 'लोड-स्टोरेज'ने द्यावी. ही फाइल पासवर्डइतकीच जपावी, आणि सत्राची मुदत संपली की ती निरुपयोगी होते हे धरून चालावे. 'आपण मानव आहात का' असे विचारणारे पान छापले जात असेल, तर संकेतस्थळाला स्वयंचलित भेट नको आहे. तिथे युक्त्या लढवण्याऐवजी परवानगी मागावी किंवा तीच माहिती वेगळ्या स्वरूपात मिळते का ते पाहावे.

आता माझी स्क्रिप्ट रात्री आधी कर्लने पत्त्याचा स्थितिसंकेत विचारते आणि तो २००, म्हणजे 'पान मिळाले', नसेल तर तिथेच थांबते, कारण क्रोम 'पान सापडले नाही' असे सांगणारे '४०४'चे पानही तितक्याच निष्ठेने छापतो. मग 'टाइमआउट' या स्वतंत्र कमांडच्या पहाऱ्यात दोन मिनिटांची मुदत देऊन पीडीएफ तयार केली जाते; मुदत उलटली तर १२४ हा संकेत मिळतो. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहिली जाते, 'पीडीएफटूटेक्स्ट'ने तिच्यातील मजकूर काढला जातो, त्यात आजची तारीख आणि किमान ३०० शब्द आहेत का ते पाहिले जाते आणि तसे असेल तरच तिला खरे नाव मिळते. तारीख मी पानावर जशी अंकांत छापलेली असते तशीच शोधतो, मराठी शब्द शोधत नाही. कारण वर सांगितलेच आहे. तपासणीत नापास झालेली फाइल पुसत नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. गेल्या महिन्यात तिथे दोन फायली जमल्या: एक देखभालीच्या सूचनेची आणि दुसरी पुन्हा त्याच गोठलेल्या वर्तुळाची.